लॉस मुद्दाम घालताना

मायक्रोवेव्हचं काम शिकणाऱ्याला पहिल्यापासून लॉसशी वैर धरायला शिकवतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. तिथे पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी सिग्नल जो झिजतो, तो पुढे कितीही गेन लावला तरी भरून निघत नाही. नॉइज वाढलेला तो वाढलेलाच. पीटी (पॅरिटी-टाइम) सममितीच्या सर्किटात मात्र लॉस हवा असतो, तोही मोजूनमापून.

दोन सारखे रेझोनेटर घ्यायचे. एकात गेन, दुसऱ्यात नेमका तेवढाच लॉस, मध्ये जोडणारा कपॅसिटर. दोन्ही एकाच ठिकाणी घातले तर बेरीज शून्य आणि हाती काहीच नाही. सगळी गंमत त्यांना वेगळं ठेवून जोडण्यात आहे. आमच्या मलकापूरकडच्या भातखाचरांत हे दिसतं. एका खाचरात झरा, शेजारच्याच्या बांधाला खेकड्याचं भोक. मधली मोरी पुरेशी रुंद असेल तर दोन्हीकडे पाणी टिकतं. मोरी अरुंद झाली की एक भरून वाहतं, दुसरं आटतं. सर्किटात या उंबरठ्याला एक्सेप्शनल पॉइंट म्हणतात. तिथे दोन फ्रिक्वेन्सी एक होतात, आणि दहा हजारांश बदलानेही त्या शंभरांशाच्या घरात फाटतात. म्हणून सेन्सरवाले या बिंदूवर भाळलेत. मला तो उत्साह जरा जास्तच वाटतो. तिथे नॉइजही फुगतो.

पीटी-सममितीची कल्पना 1998 ची, बेंडर आणि बोएट्शर यांच्या क्वांटम गणितातली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात ती किलोहर्ट्झच्या साध्या सर्किटांवर दिसली, आणि 2022 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने ती 130 नॅनोमीटरच्या सीमॉस चिपवर, गिगाहर्ट्झमध्ये आणली.

चिपवर लॉस फुकट मिळतो. पातळ धातूचा स्पायरल इंडक्टर आणि खालचं सिलिकॉन मिळून तो खातातच. पण तेवढाच लॉस गेनच्या बाजूलाही असतो. क्रॉस-कपल्ड ट्रान्झिस्टरच्या जोडीने आधी घरचं देणं फेडायचं, मग शेजाऱ्याच्या लॉसइतका गेन उरवायचा. म्हणजे निगेटिव्ह कंडक्टन्स दुप्पट. शिवाय सिग्नल मोठा झाला की गेन दबतो आणि जुळलेला तोल सुटतो. गंमत म्हणजे हे दबणंच उपयोगी पडतं: सिग्नल एका दिशेने जातो, उलट दिशेने अडतो, तेही फेराइटच्या चुंबकाशिवाय. नुसत्या लिनिअर पीटी सर्किटाला हे जमत नाही.

चिपचा खरा फायदा शेजाराचा. रेझिस्टरची किंमत एका वेफरवरून दुसऱ्या वेफरवर दहा-वीस टक्के सहज हलते, पण एकाच चिपवर शेजारी बसवलेले दोन जुळे बहुतेक एकत्रच हलतात. एक अडचण उरते. गेनच्या ट्रान्झिस्टरना स्वतःचा कपॅसिटन्स असतो, त्यामुळे तेवढ्याच बाजूची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. लॉसच्या बाजूला तशीच जोडी बंद ठेवून बसवली तरी बंद ट्रान्झिस्टरचा कपॅसिटन्स चालूइतका भरत नाही. म्हणून मी तिथे व्हॅरॅक्टर, म्हणजे व्होल्टेजने बदलता येणारा कपॅसिटर, घालतो आणि त्याचा कंट्रोल पॅड बाहेर काढतो. लेआउट तपासणारे दर वेळी विचारतात, काहीच न वाढवणाऱ्या बाजूला आणखी एक पॅड कशाला?