शी!

चिरंजीव तेव्हा चौदा महिन्यांचे होते. घरात रांगते मूल असताना अचानक पसरलेली शांतता शुभ नसते, हे एव्हाना आम्हाला अनुभवाने कळले होते. जाऊन पाहतो तो स्वारी कपाटाच्या आडोशाला बसून काहीतरी मन लावून चघळीत होती. "आ कर" म्हटल्यावर ओठ अधिकच घट्ट मिटले. अखेर गाल दाबून तोंड उघडविले. माती खाल्लेल्या कृष्णाचे तोंड यशोदेने उघडविले तेव्हा तिला त्यात सारे विश्व दिसले, असे भागवत सांगते. प्रस्तुत लेखकाला पालीचे तुटलेले शेपूट दिसले.

पुढचा अर्धा तास वर्णन करण्याजोगा नाही. पाल विषारी असते या श्रद्धेपायी आई देव पाण्यात घालून बसली, पत्नीने डॉक्टरांना फोन लावला, आणि शेपूट हाती आल्यावरही मी त्या चिमुकल्या तोंडात बोट फिरवीतच राहिलो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की घरातली पाल विषारी नसते. तिच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात, तेव्हा हात-तोंड धुवा आणि दोन-तीन दिवस ताप-जुलाबाकडे लक्ष ठेवा. मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि दिसत नसलेली वस्तू काढायला आंधळेपणाने बोट घालू नका. ती आत ढकलली जाते." म्हणजे त्या अर्ध्या तासात घडलेली सर्वांत धोक्याची गोष्ट पालीने नव्हे, मी केली होती.

त्या वर्षात चिरंजीवांनी कुंडीतली माती, उदबत्तीची राख, पायपुसण्याचे टोक आणि पाहुण्यांच्या चपलेचा अंगठा यांची चव घेतली. या वयात तोंड हे केवळ खाण्याचे इंद्रिय नसते, ते जाणून घेण्याचे इंद्रिय असते. आपण वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो, ते काम मूल जिभेने आणि ओठांनी करते. त्याच्या लेखी चपलेचा अंगठा आणि चांदीचा खुळखुळा यांत प्रतवारी नसते. प्रतवारी आपण शिकवितो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. शेंगदाण्याचे लोणी आणि उग्र वासाचे चीज यांपासून कुत्र्याच्या विष्ठेची हुबेहूब प्रतिकृती बनवून त्यांनी ती लहान मुलांपुढे ठेवली. दोन वर्षांखालील मुलांपैकी ६२ टक्के मुलांनी ती खाल्ली. थोडी मोठी मुले मात्र मागे सरू लागली. कडू चवीला मूल जन्मतःच तोंड वाकडे करते. किळस ही मात्र नंतर येणारी गोष्ट आहे, आणि ती बव्हंशी मोठ्यांच्या चेहऱ्यावरून वाचली जाते.

गंमत अशी, की ही शिकवणी देणारे आपण स्वतः किळस आणि धोका यांत सतत गल्लत करीत असतो. पालीच्या शेपटाने घर डोक्यावर घेतले गेले. त्याच आठवड्यात आईने कौतुकाने त्याच्या मुठीत भाजलेले शेंगदाणे दिले, तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही. वास्तविक अख्खा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून मूल गुदमरू शकते, म्हणून तो चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये असे डॉक्टर कळवळून सांगतात. रिमोटमधला किंवा खेळण्यातला चकचकीत बटन सेल तर कोणालाच किळसवाणा वाटत नाही. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. अर्थात घाण निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ नव्हे. ज्या अंगणात सांडपाणी वाहते तेथील मातीतून पोटात जंत जातात, आणि त्यासाठीच २०१५पासून जंतनाशक दिन पाळला जातो. पण धोका ओळखण्यासाठी विचार करावा लागतो. किळस येण्यासाठी काहीच करावे लागत नाही. ती येतेच.

या शिकवणीचे पाठ्यपुस्तक आपल्या भाषेत एका अक्षराचे आहे: शी. मराठी मूल ज्या शब्दाने आपली विष्ठा ओळखते, त्याच शब्दाने ते किळसही शिकते. माती? शी. चप्पल? शी. खाली पडलेले बिस्कीट? शी. आईचा त्या शब्दामागचा नाकाचा विशिष्ट मुरडा चिरंजीवांनी इतका तंतोतंत उचलला, की आलेल्या-गेलेल्यांपुढे त्याचे प्रयोग होऊ लागले. आम्हीही हसलो. मूल शहाणे होत होते.

ते अडीच वर्षांचे असताना एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. डबा रिकामा करून झाल्यावर त्यांनी कौतुकाने त्याच्या गालाकडे हात नेला. तो एक पाऊल मागे सरला, त्याने नाक मुरडले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, "शी!"

हात तेथेच थांबला आणि पदराआड गेला. मावशी हसल्या. "शी नाही रे बाळा, मावशी म्हण," एवढे बोलून जिना उतरून गेल्या.

हे त्याला कोणी शिकविले नव्हते, असे मी दिवसभर स्वतःला सांगत होतो. पण कचऱ्याचा डबा दोन बोटांत धरून दूरवरून पुढे करणारा मीच होतो. उन्हाळ्यात त्यांनी पाणी मागितले, तर ज्यातून दिले जाई तो पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तो वेगळा का, हे घरातल्या कोणीही कोणाला कधी विचारले नव्हते. मूल मात्र सारे चाखीत होते. पालीचे शेपूट बाहेर काढता आले. हे नेमके कधी आत गेले, ते आम्हाला दिसलेही नाही.

दुसऱ्या सकाळी मी दार उघडून मावशींची क्षमा मागितली. त्यांनी "लहान आहे हो" म्हणून ती उडवून लावली, आणि मला अधिकच ओशाळे वाटले. चिरंजीव मात्र पुढे होऊन, पढवल्याप्रमाणे, "मावशी" म्हणाले.

आई या विषयावर काही बोलली नाही. संध्याकाळी तो खिडकीतला पेला मांडणीत इतर पेल्यांबरोबर दिसला. कोणी ठेवला, हे मी विचारले नाही.