पॉलिसीवर नाव कुणाचं?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर गच्चीवर कागद वाळत घालताना ह्यांची विम्याची पॉलिसी हाती आली. लग्नाआधीची. रक्कम एक लाख. नॉमिनी म्हणून माझ्या सासऱ्यांचं नाव, आणि त्यांचा इंतकाल होऊन तर आठ वर्षं झालेली.

पॉलिसी काढली तेव्हा हे उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर कामाला होते. आता स्वतःचं मशीन, त्याचं सहा लाखांचं कर्ज, दोन मुली, एक मुलगा आणि सासूबाई. घरातलं सगळं बदललं, तो कागद तेवढा तसाच राहिला.

बोलायचं धाडस मात्र आठ दिवस झालं नाही. शेवटी एका रात्री इशानंतर कागद पुढं ठेवला. "माझी एवढी घाई झाली का?" हे हसत म्हणाले, पण मला लागलं. सासूबाईच मध्ये पडल्या, "तिनं काय वाईट विचारलं? तुझ्या अब्बांच्या मागं मी किती उंबरे झिजवले, विसरलास?"

विमा जायज की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही मौलानांना विचारलं. त्यांनी दोन्ही बाजू समजावल्या, निर्णय आमच्यावर सोडला. पण एक गोष्ट बजावली: नॉमिनी कुणीही असो, वारसांचा हक्क बुडता कामा नये. सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत. मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा, आईला सहावा. उरलेल्यात मुलं, मुलाला मुलीच्या दुप्पट.

विमा कार्यालयात कळलं की नॉमिनी आधीच वारला असेल तर रक्कम विमेदाराच्या वारसांकडे जाते, आणि त्यासाठी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र आणायची वेळ येऊ शकते. २०१५ साली विमा कायदा बदलला, तेव्हापासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचा हक्क धरला जातो. म्हणजे एकटं माझं नाव घातलं, तर सासूबाईंचा हिस्सा माझ्या नियतीवर राहिला असता. आम्ही दोघींची नावं घातली. अज्ञान मुलाचं नाव घालायचं तर त्याच्या वतीनं पैसे घेणारी मोठी व्यक्तीही नेमावी लागते, हेही तिथंच समजलं.

राहिला कर्जाचा प्रश्न. एक लाखात सहा लाख कसे फिटणार? ह्यांनी कर्जाएवढा मुदत विमा काढला. बँकेतून प्रधानमंत्री जीवनज्योती योजनाही घेतली. त्यात दोन लाखांचं संरक्षण मिळतं, हप्ता सध्या वर्षाला ४३६ रुपये. वयाची पन्नाशी पूर्ण होण्याआधी त्यात नाव घालावं लागतं.

आता दर रमजानला जकातीचा हिशेब करायला बसलो की ती पेटीही उघडतो. कर्ज किती उरलं, घरात कोण आलं, कोण गेलं, कागदावर नावं कुणाची, एवढंच पाहायचं. अर्ध्या तासाचं काम.

यंदा कर्ज फिटलं, म्हणून मुदत विमा बंद करू, असं हे म्हणत होते. धाकटीचं शिक्षण अजून तीन वर्षं आहे, असं मी म्हटलं. या वेळी मला आठ दिवस थांबावं लागलं नाही.