नाव ठेवणे

आपल्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. २०१७ साली एका एवढ्याशा पतंगाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

पतंगाचं नाव निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी. हो, तेच ते ट्रम्प. कॅनडातल्या वाझरिक नझारी या शास्त्रज्ञाने १७ जानेवारी २०१७ ला 'झूकीज' या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं आणि २० तारखेला ट्रम्पसाहेबांनी पहिल्यांदा शपथ घेतली. बातमी झाली ती अर्थातच केसांची. या पतंगाच्या डोक्यावर पिवळट पांढऱ्या खवल्यांचा झुबका आहे, अगदी विंचरून बसवल्यासारखा. फोटो पाहिला की हसू येतंच. दुसरं वैशिष्ट्य म्हणजे याच्या नराची जननेंद्रियं जवळच्या जातीपेक्षा लहान आहेत. इथे मामा-मावश्याही वाचायला येतात, त्यामुळे त्यावरून लोकांनी काय काय विनोद केले ते लिहीत नाही :)

पण गंमत अशी की शास्त्राच्या दृष्टीने केसांपेक्षा तीच गोष्ट जास्त महत्त्वाची. एवढ्या लहान पतंगांमध्ये पंखांवरची नक्षी फसवी असते. पंख घासले जातात, रंग उडतो, शेजारच्या दोन जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. मग पोटाचा भाग काढायचा, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने साफ करायचा आणि आतला कडक सांगाडा काचपट्टीवर बसवायचा. कुलपाची किल्ली पाहून घर ओळखावं तसा प्रकार. आणि हे सगळं ज्याच्यावर करायचं त्याचा पुढचा पंख तीन ते साडेचार मिलिमीटर! दोन्ही पंख पसरले तरी सेंटिमीटर भरत नाही. मला सुईत दोरा ओवताना दोनदा चष्मा बदलावा लागतो.

हा पतंग 'सापडला' तो वाळवंटात नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या बोहार्ट कीटक संग्रहालयातून आलेले नमुने नझारी तपासत होते. त्यातले काही पतंग कुठल्याच ज्ञात जातीत बसेनात. निओपाल्पा या प्रजातीत तोवर एकच जात होती, निओनाटा. तिचं वर्णन पोवोल्नी यांनी १९९८ साली केलेलं. तिच्याशी ताडून पाहिलं, डीएनए तपासला, आणि हे वेगळं आहे असं ठरलं. म्हणजे टाचणीवर टोचलेला, चिठ्ठी लावलेला पतंग खणात पडून होता, फक्त तो कोण हे कुणी विचारलं नव्हतं.

मग वर्णन. असा एखादा शोधनिबंध वाचून पाहा, मी हौसेने वाचते. डोकं अमुक रंगाचं, मिशा तमुक, पंखाची कड अशी, तिच्यावरचा ठिपका तसा. क्रियापदं जवळजवळ नाहीतच. पोलिसांच्या पंचनाम्यासारखी भाषा. शेवटी त्यातला एक पतंग निवडायचा आणि तो मूळ नमुना म्हणून जाहीर करायचा. पुढे कधीही वाद झाला, तर त्या एका पतंगाकडे परत जायचं. नाव कायमचं त्याच्याशी बांधलेलं.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच (आमच्या घरात विचारला गेला). त्याचं माझं उत्तर बटाट्या-टोमॅटोतून जातं. हा पतंग गेलेचिडी या कुळातला. कुळात साडेचार हजारांहून जास्त जाती, बहुतेक सगळे असेच करडे-तपकिरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आपली गुलाबी बोंडअळी याच कुळातली. साठवलेल्या बटाट्याला पोखरणारा पतंगही. भडोचच्या कपाशीवरून इंग्लंडला गेलेल्या नमुन्यांवरून बोंडअळीच्या पतंगाचं पहिलं वर्णन १८४० च्या दशकात झालं. तिकडे या नव्या पतंगाच्या केसांवर जग हसत होतं त्याच २०१७ साली, खरिपात, इकडे विदर्भ-मराठवाड्यात त्याच्या या चुलत बहिणीने कापूस पार खाऊन टाकला.

टोमॅटोची गोष्ट तर अजून बोलकी आहे. टुटा अॅब्सोल्युटा नावाचा पतंग. एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधले एक शाळामास्तर, जगभरातून येणारे बारीक पतंग भिंगातून बघून त्यांची वर्णनं लिहीत बसायचे. त्यांनी पेरू देशातल्या या पतंगाचं वर्णन १९१७ साली केलं. तेव्हा त्या वर्णनाचा उपयोग कुणी विचारला असता, तर मास्तरांनी काय सांगितलं असतं? २०१४ मध्ये तो पतंग महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर दिसला तेव्हा तो कोण, कुठला, त्याच्या मागे दुसऱ्या देशांत काय काय उपाय झाले, हे सगळं नावाखाली तयार होतं. जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिलेलं नाव. ते नसतं, तर आधी ते शोधण्यातच हंगाम गेला असता.

बोंडअळीची नोंद घ्यावीच लागते. आपल्याला काहीच त्रास न देणाऱ्या पतंगाची कोण घेणार? नझारींनी ट्रम्पचं नाव का दिलं याचं कारण त्यांनी स्वतः लिहिलंय: नाजूक अधिवास वाचवण्याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. हा पतंग दक्षिण कॅलिफोर्नियात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात सापडतो. (भिंत बांधायच्या घोषणा ऐन भरात असताना!) कॅलिफोर्नियातलं त्याचं एक ठिकाण म्हणजे अल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या. त्यांचा उत्तरेचा भाग १९९४ पासून राखीव आहे, पण बाकी बऱ्याच भागात सुट्ट्यांत लोक जाड टायरच्या गाड्या घेऊन वाळूत उधळायला येतात. वाळू रिकामी दिसते, म्हणून तिथे कुणी राहत नाही असं वाटतं.

खरं सांगायचं तर अशी चटपटीत नावं मला फारशी आवडत नाहीत. माणूस निवडणूक हरतो, जिंकतो, २०२५ मध्ये पुन्हा शपथ घेतो, आणि बिचाऱ्या पतंगाला दर वेळी त्याच्याबरोबर वर्तमानपत्रात यावं लागतं. पण नझारींनी त्याला सरळ 'वालुकावासी' वगैरे म्हटलं असतं, तर मी आज हे लिहिलं नसतं आणि तुम्ही इथवर वाचलं नसतं, हेही आहेच.

त्या सगळ्या हशात एक गोष्ट मागे पडली. मूळ वर्णन प्रौढ पतंगांवरून आहे. अळी कुठलं झाड खाते ते त्यात नाही. असल्या बारीक पतंगांच्या अळ्या बऱ्याचदा एखाद-दोन वनस्पतींवरच जगतात, त्यामुळे वाळूतून गाड्या कुठून जाऊ द्यायच्या हे या पतंगासाठी ठरवायचं, तर आधी ते झुडूप शोधावं लागेल. त्यासाठी कुणीतरी ऋतूमागून ऋतू त्या टेकड्यांवर वाकून पानं उलटत फिरायला हवं.