चाळिशी

सहावीच्या वह्या तपासत होते. 'बे' आणि 'पे' यांचे नुक्ते एकमेकांत मिसळलेले दिसू लागले, तेव्हा मी आधी मुलांनाच रागावले. नुक्ते नीट द्या, एक आहे की तीन ते कळत नाही, असं जरा चढ्या आवाजात म्हणाले. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. शेवटच्या बाकावरची एक पोर उठली, माझ्या हातातली वही घेऊन तिनं लांब धरली आणि म्हणाली, "बाजी, अब दिखता?"

दिसत होतं. खाली तीन नुक्ते, चोख.

डोळे तपासायला बेळगावला गेले. चंदगडकरांचं मोठं दुखणं असो की लग्नाची खरेदी, आमची गाडी शिनोळीमार्गे बेळगावलाच जाते. एस.टी.त गर्दी होती. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा जागेवरून उठला. "बसा मावशी." परवापरवापर्यंत अशी पोरं मला ताई म्हणत होती. मी बसले खरी, पण शिनोळी येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिले.

डॉक्टरांनी जवळचा नंबर काढून दिला. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं, जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही, एवढंच त्याचं कारण. बहुतेकांना हे चाळिशीच्या आसपास जाणवतं, दिवसभर बारीक अक्षरांत डोकं घालणाऱ्यांना थोडं आधी. मराठी माणसानं या चष्म्याचं नावच चाळिशी ठेवलं आहे. माझं वय सदतीस. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, दरसाल अकराएक दिवस कमी. त्या हिशेबानं माझी अडतीसही भरून गेली. आमच्या माणसांना म्हातारपण जरा लवकरच गाठतं म्हणायचं!

त्यातच १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हायचं. मी डी.एड. करून २०१० साली लागले, बी.एड. नंतर केलं. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा झाली ती २०१३ च्या डिसेंबरात. म्हणजे माझी निवृत्ती एकवीस वर्षं लांब आणि माझ्यापुढं दीडशे प्रश्नांचा पेपर. आमच्या सगळ्यात वडील बाजींना निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, त्या सुटल्या. हसत म्हणाल्या, "बेटी, पहली बार बुढ़ापा काम आया." सगळ्या हसल्या. मला मात्र कळेना, मी नेमकी कुठल्या रांगेत उभी आहे. एस.टी.त मावशी आणि कायद्याच्या लेखी अजून परीक्षेला बसण्याजोगी.

न्यायालयाशी माझं भांडण नाही. मुलांना शिकवणाऱ्याला यायलाच हवं. पण पंधरा वर्षं शिकवल्यावर नापास होण्याची भीती काय असते, ते बिगर-शिक्षकाला सांगून कळायचं नाही. माझे जुने विद्यार्थीही याच परीक्षेला बसतात. निकालाच्या दिवशी त्यांच्यातलं कुणी समोर आलं तर?

रात्री जेवणं आटोपली की लेकीच्या शेजारी पुस्तक घेऊन बसते. ती आठवीचं गणित करते, मी बालमानसशास्त्र. पियाजेनं मुलाच्या बुद्धीच्या वाढीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. शेवटची अकरा-बारा वर्षांच्या आसपास सुरू होते. पुढं काही नाही. पंधरा वर्षांपूर्वी हेच पाठ केलं होतं, तेव्हा यात काही राहून गेलंय असं वाटलं नव्हतं. परवा एकच पान तीनदा वाचलं. लेकीनं पुस्तक ओढून घेतलं आणि मला प्रश्न विचारायला लागली. चुकले की जीभ काढून हसते. पूर्वी मी तिला अशीच विचारायची, फक्त हसत नव्हते.

पहिला रोजा मी १९९७ च्या जानेवारीत ठेवला. साडेआठ वर्षांची होते. थंडीचे आखूड दिवस, म्हणून अम्मीनं परवानगी दिली. दुपारनंतर मात्र दर घटकेला मी दारात जाऊन ऊन बघून येत होते. रमजान पावसाळ्यातून, उन्हाळ्यातून मागं सरकत साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. २०३० साली जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा. तेव्हा मी एक्केचाळीस-बेचाळीसची असेन. हा हिशेब मी टी.ई.टी.च्या वहीच्या मागच्या पानावर केला आणि अम्मीला दाखवला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिची स्वतःची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लावून टाकलेली. खरी कुणालाच ठाऊक नाही.

ती तांदूळ निवडत होती. माझा नवा चष्मा तिनं उचलला, पदरानं पुसला आणि डोळ्यांना लावला. सूप जवळ घेतलं, लांब धरलं.

"इसमें तो कुछ भी नहीं दिखता गे," चष्मा परत देत ती म्हणाली. "तेरा नंबर अभी कच्चा है."