बाळ नाही, पण दूध आलंय

दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला काय खायला द्यावं, हे मला दवाखान्यात नेहमी विचारलं जातं. अंगावरचं दूध आटवायचं कसं, हा प्रश्न मात्र दबक्या आवाजात येतो. बहुतेक वेळा ती बाई स्वतः विचारतही नाही. ती भिंतीकडे बघत बसलेली असते आणि सोबत आलेली आई किंवा सासू हळूच म्हणते, "डॉक्टर, हिला पान्हा फुटलाय, आणि बाळ तर गेलं."

आजचा लेख अशा घरांसाठी आहे. बाळ पोटातच गेलं, किंवा जन्मल्यावर काही तासांत, काही दिवसांत गेलं, तरी आईला दूध येतं. हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

दूध येण्याचा बाळाच्या रडण्याशी सुरुवातीला काही संबंध नसतो. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं, प्रोलॅक्टिनला मोकळी वाट मिळते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी स्तन भरतात. चौथा महिना उलटल्यावर गर्भ गेला तरी असं होऊ शकतं. साध्या बाळंतपणानंतर साधारण दोन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे मंचरला किंवा नारायणगावला बाळंत झालेली बाई आहुप्याच्या किंवा आंबोलीच्या बाजूला आपल्या घरी पोहोचते आणि तिथे तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते. घरात सगळे बाळाच्या दुःखात असतात. तिला ताप, ठणका, ओला झालेला ब्लाउज, आणि शेजारचं पोर रडलं की आपोआप सुटणारा पान्हा. "माझ्या अंगाला कळत नाही का?" असं एकीने मला विचारलं होतं. खरंच कळत नाही. त्यात तिचा काही दोष नाही.

मग दूध आटतं कसं? आपल्याकडे विहिरीचा जितका उपसा कराल तितका झरा मोकळा होतो म्हणतात, तसंच हे आहे. दूध काढलं की नवीन तयार होतं. साचून राहिलं की त्याच दुधातला एक घटक ग्रंथींना "पुरे" असा निरोप देतो आणि काम मंदावतं. त्यामुळे काहीही औषध न घेता बहुतेक बायकांचं दूध एक-दोन आठवड्यांत आटतं. पहिले दोन-तीन दिवस मात्र खरोखर त्रासाचे असतात.

त्या दिवसांत आधार देणारी, नीट मापाची ब्रा दिवसरात्र घालावी. जुन्या साडीचा पट्टा करून छाती करकचून आवळण्याची पद्धत अजून आहे. ती कृपा करून सोडा. आवळल्याने दूध लवकर आटत नाही, दुखणं वाढतं आणि नळ्या दबून गाठी होतात. गार पाण्यात भिजवलेला कपडा किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चार वेळा चालते. फारच ताण आला तर हाताने थोडंसं दूध काढावं, ताण सैल होण्यापुरतंच, स्तन रिकामा होईपर्यंत नाही. "अजिबात हात लावू नकोस" हा सल्ला मला पटत नाही. त्याने बाई विनाकारण तळमळते, आणि चोंदलेल्या जागी जंतूंना आयती संधी मिळते. पाणी तोडणं, मीठ बंद करणं, उपाशी ठेवणं यांचा काही उपयोग नाही. बाळंतीणच आहे ती, तिला नीट जेवू द्या. फक्त दूध वाढावं म्हणून आणलेला शतावरी कल्प आणि हळिवाचे लाडू बाजूला ठेवा. बाळ गेल्यावरही ते सवयीने दिले जातात, हे मी पाहिलं आहे.

कोबीच्या पानांबद्दल हमखास विचारतात. गार पान ठेवल्याने बरं वाटतं, तोटा नाही, पण त्याने दूध आटतं असा ठोस पुरावा नाही. आपल्या भागातला कोबी फवारणीचा असतो, तेव्हा पानं चांगली धुवून घ्या आणि त्वचेला चीर असेल तर लावू नका. मोगऱ्याच्या फुलांची गोष्ट जास्त रंजक आहे. दक्षिणेत दूध आटवायला छातीवर मोगरा बांधतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मोगऱ्याची तुलना त्या वेळच्या गोळीशी केली होती. प्रोलॅक्टिन दोन्हींनी उतरलं, गोळीने जास्त. अभ्यास लहान होता, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण घरात मोगरा फुलला असेल आणि तिला हवा असेल तर मी नाही म्हणणार नाही.

आता गोळीकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. मी शिकत होतो तेव्हा ब्रोमोक्रिप्टीन सर्रास दिलं जायचं. पुढे काही बाळंतिणींना झटके, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आल्याच्या नोंदी झाल्या आणि 1990च्या दशकात अमेरिकेत या कामासाठी त्याची मान्यता काढून घेतली गेली. युरोपच्या औषध संस्थेनेही 2014 मध्ये बंधनं घातली: सरसकट वापर नको, बाळ दगावण्यासारखं ठोस कारण असेल तरच. आज कॅबरगोलिन जास्त वापरतात. ते सोपं आहे, बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी एकदाच घेतलं की पुरतं. दूध येऊन गेलं असेल तर कमी मात्रेत दोन दिवस. योग्य बाईला ते मोठा दिलासा देतं, आणि तिने मागितलं तर ते नाकारू नये असं माझं मत आहे.

पण योग्य बाई कोण? गरोदरपणात किंवा बाळंतपणात रक्तदाब वाढला होता, झटके आले होते, हृदयाचा आजार आहे, किंवा आधीच्या बाळंतपणानंतर मानसिक आजार झाला होता, अशा बाईला ही गोळी देत नाहीत. आणि इथेच गोम आहे. बाळ पोटात दगावण्याचं एक महत्त्वाचं कारण आईचा वाढलेला रक्तदाब हेच असतं. म्हणजे ज्या घरात ही गोळी मागितली जाते, त्याच घरात ती धोक्याची असण्याची शक्यता जास्त. दुकानातून "दूध बंद करायची गोळी" आणून देऊ नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन या, रक्तदाब मोजू द्या. रक्तस्राव थांबवायला मिथाइलअर्गोमेट्रिनच्या गोळ्या दिल्या असतील तर तेही सांगा, ही दोन औषधं एकत्र नकोत.

बाळ ठणठणीत असतानाही काही जण दूध आटवायला येतात. आईला टायफॉइड झाला, कावीळ झाली, सिझर झालं, म्हणून. बहुतेक वेळा गरज नसते. एचआयव्ही असलेल्या आईने पाजूच नये असाही सरसकट नियम आता नाही, औषधं नियमित चालू असतील तर पाजता येतं. कॅन्सरची औषधं वगैरे मोजकी खरी कारणं आहेत. आधी विचारा, कारण आटलेलं दूध परत आणणं फार कष्टाचं असतं.

काही आयांना दूध नुसतं जिरवणं सोसत नाही. त्यांच्यासाठी दुग्धपेढी आहे. आशियातली पहिली 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली, पुण्यात ससूनमध्येही आहे. जुन्नरहून रोज जाणं अवघड, पण बाळ पुण्यात काचेच्या पेटीत असताना गेलं असेल तर तिथल्या नर्सला विचारता येतं. रक्ताच्या तपासण्या करून ते दूध दुसऱ्या अशक्त बाळांना देतात. तिची इच्छा असेल तरच. आग्रह नको.

थंडी वाजून ताप, स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा, किंवा मऊ पडत जाणारी गाठ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत दुखणं असेल तर 108ला फोन करा. झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतंय, असं असेल तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांनीही लावला तरी चालतो.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. अंगावर पाजत नसलेल्या बाईला महिन्याभरातही पुन्हा दिवस राहू शकतात, पाळी येण्याआधीच. पुढच्या बाळाचा विचार करायचा की थांबायचं हे त्या दोघांनी ठरवावं, पण तोवरची साधनं सहा आठवडे व्हायच्या आधीच विचारून घ्या. थेंब-थेंब दूध कधीकधी काही महिने दिसतं, त्याला घाबरू नका. तपासायला सारखं दाबून पाहू नका, त्यानेच ते चालू राहतं. तीन महिन्यांनंतरही भरपूर येत असेल आणि पाळी आली नसेल तर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड तपासू.