आमच्या ओटीवरचे म्युझियम

मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, पुण्याला राजा केळकर संग्रहालय आहे आणि सावंतवाडीला आमची ओटी आहे. पहिल्या दोन ठिकाणी लोक आपल्या पायांनी जातात. आमच्या ओटीवर मात्र त्यांना धरून आणावे लागते, आणि ते काम आमचे आजोबा वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीही मोठ्या हिरिरीने करतात. विजेचा मीटर पाहायला आलेला मुलगा असो, मतदारयादी घेऊन आलेले गुरुजी असोत, की पत्ता चुकून आमच्या बेड्यातून आत शिरलेला वाटसरू असो, "आलाच आहात तर चित्रं बघून जा" असे म्हणून आजोबा त्याचा मार्ग अडवतात. मीटर पाहणारा मुलगा हल्ली मागल्या दाराने येतो.

आजोबांची हयात पोस्टात गेली. त्यामुळे प्रत्येक वस्तूवर तिचा नावपत्ता लिहिलेला असलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह. जुनी पोस्टकार्डे कापून केलेल्या चिठ्ठ्या त्यांनी प्रत्येक चित्राखाली डकवल्या आहेत. चित्र कुणाचे, कुठून आले, किती रुपये पडले, सगळे त्यावर वळणदार अक्षरात. एका चिठ्ठीच्या मागे कुणाच्या तरी बारशाचे आमंत्रण अजून वाचता येते.

तर वाचकहो, चपला पायरीखाली काढा आणि चला. डाव्या हाताला प्रथम लागते ती लाकडी फळांची परडी. आमच्या वाडीच्या चितारआळीची ही कीर्ती. आंबा, केळे, सीताफळ, फणसाचा गरा. रंग असा की माशीसुद्धा फसावी. माशी फसल्याचे मी पाहिलेले नाही, पण पुण्याच्या आत्येभावाने त्यातले केळे चावले होते. त्या केळ्यावर दातांच्या दोन खुणा आहेत आणि चिठ्ठीवर दिनांक आहे.

परडीच्या वर काचेत गंजिफा. गोल पत्त्यांचा हा खेळ एकेकाळी राजवाड्यापासून ओटीपर्यंत चाले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगाची बारा पाने, एकूण १२० पाने. गंजिफा रंगवणारे हात कमी होत चालले तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ही कला पुन्हा उभी केली. तिथला दरबार हॉल पाहिलेल्यांना मी वेगळे सांगायला नको. आमच्याकडे १२० पैकी नऊच पाने उरली आहेत, मत्स्यापासून बुद्धापर्यंत प्रत्येकी एक. "कल्की कुठे गेला?" असे कुणी विचारले की आजोबा शांतपणे सांगतात, "तो अजून व्हायचा आहे." हे वाक्य ते गेली तीस वर्षे म्हणत आहेत आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसतात.

बाकाच्या बरोबर वर रावण आहे. हे पिंगुळीच्या चित्रकथीचे पान. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर अशी पाने एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आजोबांनी आमच्या रावणाला हार घातला. एवढे मोठाले डोळे करून तो खाली बसलेल्याकडे पाहतो की पाहुणे बाकाच्या कडेला सरकून बसतात. ताईला पाहायला आलेली मंडळी त्याच बाकावर बसली होती. ते लग्न जमले नाही. आईने रावणाला दोष दिला. आजोबा म्हणाले, रावणाला माणसांची पारख आहे. पुढे काय ऐकू आले ते ध्यानात घेता आजोबांचे बरोबर होते, पण तो विषय वेगळा.

उजवी भिंत संमिश्र. तिथे रघुवीर मुळगावकरांचे दत्तगुरू आहेत, कॅलेंडरातून कापलेले. खालच्या तारखा कापल्या गेल्या, पण खताच्या दुकानाचे नाव तेवढे राहिले. दीनानाथ दलालांनी केलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आहेत. एका पत्र्याच्या ट्रेवर मोनालिसा आहे. गणपतीत माणसे वाढली की तिला भिंतीवरून उतरवून तिच्यावरून करंज्या फिरवतात. पॅरिसला तिच्यापुढे काच असते म्हणे. आमच्याकडे ती हाताने पुसतात. शेजारी आजीने भरलेले 'सुस्वागतम्'. लाल दोरा संपल्यामुळे शेवटचा 'म्' हिरवा झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना पोपट. निदान चिठ्ठीवर तरी पोपट असे लिहिले आहे.

आणि या सगळ्यांच्या पंक्तीत माझे एक स्थिरचित्र. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी सराव म्हणून काढलेले: एक तांब्या, दोन वांगी, पाठीमागे दुमडलेले फडके. तांब्या उजवीकडे असा कलला आहे की त्यातले पाणी आत्ता वांग्यांवर सांडेल. मला 'क' श्रेणी मिळाली. चिठ्ठीवर श्रेणीचा उल्लेख नाही, 'आमची नात' एवढेच आहे. हे चित्र काढून टाका म्हणून मी दर वर्षी अर्ज करते. दर वर्षी तो फेटाळला जातो.

जूनमध्ये या वैभवाची दैना होते. कोकणातला पाऊस कलेचा मान ठेवत नाही. मातीच्या भिंतीला ओल धरते आणि कागदाला बुरशी. एका वर्षी दत्तगुरूंच्या तिन्ही मुखांना दाढी आली होती. म्हणून मृगाच्या आधी सगळी चित्रे उतरवायची, रद्दीत बांधून माळ्यावर ठेवायची, आणि गणपतीच्या आधी रंग दिलेल्या भिंतीवर पुन्हा त्याच खिळ्यांना लावायची. चिठ्ठ्या मात्र आजोबा आपल्या हाताने डकवतात.

आता मुख्य चित्र. मधल्या दाराशेजारी, एकटे. हिरव्या-जांभळ्या लुगड्यातली एक तरुणी समईसारख्या दिव्याची ज्योत हाताच्या आडोशाने जपत उभी आहे. उजेड तिच्या बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर पडतो. तुम्ही हे चित्र कुठे ना कुठे पाहिलेच असेल. खाली चिठ्ठी: 'राजा रविवर्मा. मूळ चित्र म्हैसूर. कोल्हापुरास घेतले, १९७१.' दौरा इथे संपतो. आजोबा काठी टेकतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "हा रविवर्मा."

गेल्या गणपतीत आमच्या मराठीच्या बाई दर्शनाला आल्या. (त्या हा अंक वाचतीलच, म्हणून जपून लिहिते.) बाई फार चांगल्या श्रोत्या. कल्कीला हसल्या, रावणाखाली निर्धास्त बसल्या. दौरा मधल्या दाराशी आला. आजोबांनी आवाज खाली आणला. आणि नेमकी तेव्हाच, ग्रंथालयात आठवडाभर चित्रकारांची पुस्तके चाळून आलेली मी बोलले, "आजोबा, हे रविवर्म्याचं नाही. रविवर्मा १९०६ सालीच वारले. हे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जलरंगातलं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते खरं, पण रविवर्म्याचं नव्हे. आणि ती मुलगी म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. कोल्हापूरला राहायच्या. २०१८ साली वारल्या, १०२ वर्षांच्या होऊन."

एका दमात. तोंडी परीक्षेतही मी इतके नीट बोललेले नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले ते कौतुकाने नव्हते. आजोबा "असं का?" म्हणाले आणि आईला बाईंसाठी खिरापत आणायला सांगून आत गेले.

दुसऱ्या दिवशी चित्राखालची चिठ्ठी नव्हती. पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे माणसे आली, चहा पिऊन गेली, कुणाला काही दाखवले गेले नाही. मीटरवाला मुलगा पुढच्या दाराने येऊन गेला. मी अभ्यासाचे निमित्त करून माडीवर बसत होते. चूक माझी होती असे म्हणवत नव्हते, कारण मी सांगितले ते खरेच होते. ही फार वाईट जागा असते.

नवरात्राच्या साफसफाईत मी माजघरातली लक्ष्मी उतरवली. ही पणजीच्या वेळची, चुलीच्या धुराने काळवंडलेली. कधीकाळी कुणी हौसेने तिच्या पातळाला जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. जुन्या चौकटीची फळी सुटली, कागद मोकळा झाला आणि चौकटीआड लपलेल्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड, अशा दगडांवरून छापून ही चित्रे घरोघरी पोचली. म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षे रविवर्मा होता. तो ओटीवर नव्हता, चुलीशेजारी होता.

मी धावतच ते घेऊन आजोबांकडे गेले. वाटले, आता हिशेब पुरा झाला. आजोबांनी चष्मा पुसून ती अक्षरे वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाले, "बरा आसा. तो थयसरच ऱ्हवांदे. तेका थयची सवय जाली." पाहुण्यांपुढे आजोबा पुस्तकी बोलतात, जवळच्या गोष्टींना मालवणी.

मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने ते आपण होऊन बोलू लागले. लग्नानंतर पहिल्यांदा दोघे कोल्हापूरला गेले होते. अंबाबाईचे दर्शन झाले. चौकटी करणाऱ्या एका दुकानात हे चित्र दिसले. चौकटीसकट अठरा रुपये. आजी रागावली, अठरा रुपयांत महिन्याचे वाणसामान येते म्हणाली. तेव्हा दुकानदाराने जे सांगितले तेच आजोबांनी तिला सांगितले: हा राजा रविवर्मा आहे, पुन्हा मिळायचा नाही. मग ती गप्प झाली. घरी आल्यावर तीच रोज तिन्हीसांजेला त्या चित्राखाली पणती ठेवू लागली. का, तर ती पोर एकटी किती वेळ हात धरून उभी राहील. आजी जाऊन सात वर्षे झाली. पणती अजून लागते, आजोबाच लावतात. मला वाटायचे, देवाची असेल.

"आता तिका मी काय सांगू?" आजोबा म्हणाले.

मला काही सुचेना. मग त्या दिवशी बाईंसमोर सांगायची राहून गेलेली एक गोष्ट तेवढी आठवली. "आजोबा," मी म्हटले, "हळदणकर आपल्या वाडीचे. १८८२ साली इथेच जन्मले."

"वाडीचे?"

"सावंतवाडीचेच."

बराच वेळ ते रस्त्याकडे बघत बसले. मग काठी आपटली. "मगे ह्या आदी कित्याक सांगूक नाय?"

दसऱ्याला नवी चिठ्ठी लागली. 'सा. ल. हळदणकर, सावंतवाडी. कोल्हापुरास घेतले, १९७१. रविवर्मा समजून.' शेवटचे दोन शब्द लिहू नका असे बाबांनी सुचवले, पण आजोबा पोस्टातले. पत्ता बदलला तरी जुना पत्ता खोडत नाहीत, बाजूला नवा लिहितात.

दौरे पुन्हा सुरू झाले आहेत. मधल्या दाराशी आले की आता आवाज खाली जात नाही, वर चढतो. "लोक याला रविवर्मा म्हणतात," आजोबा पाहुण्याला सुनावतात, "वाचन नाही, दुसरं काय! हा आपल्या वाडीचा माणूस." परवा तर त्यांनी एका पाहुण्याला रविवर्म्याचे मृत्युवर्षही विचारले. बिचारा बाकाच्या कडेला सरकला.

मला मात्र त्यांनी माफ केले की नाही ते कळत नाही. काल मी माझ्या तांब्याचा अर्ज पुन्हा केला.

"वाकडा लागलाय तो," आजोबा म्हणाले. "नीट लाव."

"आजोबा, चौकट सरळ आहे. तांब्याच वाकडा आहे."

"मग असू दे," म्हणाले, आणि पणतीत तेल घालायला उठले.