धोंड कोण सरकवणार?

येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण पुनरुत्थान कसे घडले याचे वर्णन एकातही नाही. कबरेच्या आत काय झाले ते कोणीच पाहिले नाही. मार्क सांगतो ती गोष्ट बाहेरून सुरू होते. शब्बाथ संपल्यावर तीन बायका सुगंधी द्रव्ये विकत घेतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कबरेकडे निघतात. शुक्रवारी घाईत पुरलेल्या देहाला लेप लावायचा राहून गेलेला असतो. कबरेच्या तोंडावर मोठी धोंड आहे, ती कोण सरकवणार, असे त्या वाटेत एकमेकींना विचारतात. उत्तर कोणाकडेच नसते. तरी त्या चालत राहतात.

जुने मराठी ख्रिस्ती साहित्य हा माझा अभ्यासाचा विषय. बंगळूरला स्थायिक झाल्यापासून त्यावर बोलण्याचे प्रसंग अनेकदा येतात आणि शेवटी कोणीतरी हमखास विचारते, ‘हे खरंच घडलं असं तुम्ही मानता?’ मी मानते. पण या गोष्टीने मला दिलेला आधार नुसत्या मानण्यातून आलेला नाही. तो त्या तीन बायकांच्या चालण्यातून आला. त्या चमत्कार बघायला निघाल्या नव्हत्या. आपल्या मेलेल्या माणसाचे शेवटचे राहिलेले काम करायला निघाल्या होत्या. आशा त्यांना वाटेत, हातात काम असताना भेटली.

तीही लगेच गोड वाटली नाही. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान विलक्षण ठिकाणी थांबते. कबर रिकामी पाहून बायका थरथरत पळतात, भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत आणि पुस्तक संपते. पुढच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला हा अपुरा शेवट फार मोलाचा वाटतो. घरातले माणूस गेलेल्यांना ‘सावर आता’ असे सांगण्याची सगळ्यांना घाई असते. मार्कला ती घाई नाही.

ही गोष्ट मराठीत विस्ताराने आणली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, तिथल्या माणसांची भाषा शिकला आणि ख्रिस्तपुराण लिहून बसला. 1616 साली राचोलला छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याचे दोन भाग: पहिल्या पुराणाचे 36 अवस्वर म्हणजे अध्याय, दुसऱ्याचे 59. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. पुराण वाचायचे ते मोठ्याने, चारचौघांत. ऐकणाऱ्याला अक्षरओळख असायची गरज नव्हती.

याच पुराणाची एक आठवण बंगळूरपासून काही तासांच्या वाटेवर आहे. 1784 साली टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरच्या हजारो ख्रिस्ती कुटुंबांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेले. कित्येक जण वाटेतच दगावले. उरलेल्यांची कैद 1799 साली श्रीरंगपट्टण पडेपर्यंत संपली नाही. धर्मगुरूंना आधीच हद्दपार केले होते, चर्च पाडली होती. ना मिस्सा, ना मेलेल्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा पाद्री. मंगळुरी ख्रिस्ती समाजात अशी आठवण चालत आली आहे की त्या काळात पूर्वजांना ख्रिस्तपुराणाच्या वाचनाने धीर दिला. पुढे 1907 साली मंगळूरमध्येच जे. एल. सल्ढाणा यांनी या ग्रंथाची आवृत्ती काढली आणि शंभरेक वर्षांनी फादर नेल्सन फाल्काव यांनी केलेले आजच्या मराठीतले रूपांतर बंगळूरच्या ख्रिस्तु ज्योती प्रकाशनाने छापले.

मी त्या ओव्या वाचते तेव्हा ऐकणारे डोळ्यांपुढे येतात. घरी कोकणी बोलणारी, मुले-माणसे गमावलेली ती माणसे वधस्तंभाच्या अवस्वरापाशी नक्कीच ओळखीने थांबली असतील. पण पुराण तिथे थांबत नाही, पुढचा अवस्वर असतोच. कैदेच्या भिंती त्यामुळे हलल्या नाहीत. आपल्या दुःखालाही पुढचा अवस्वर असेल, एवढे मात्र कोणी त्यांच्यापासून हिरावून घेऊ शकले नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी जवळचे. त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातला, पश्चिम घाटात गंगामूळच्या रानातला. दुष्काळाच्या काळात आई-वडील गेले, बहीण गेली. 1880 साली भाऊ आणि 1882 साली पती गेले. उरली एकुलती लेक मनोरमा. तिने केडगावला आईने उभारलेल्या मुक्ती मिशनच्या कामात साथ दिली, कलबुर्गीला मुलींची शाळा चालवली. 1921 साली तीही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बाईमाणसाला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. लेकीला पुरल्यावरही रमाबाईंनी ते काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा ईस्टर अकरा दिवसांवर आला होता. त्यांचे पूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांनीही दुःखात हातचे काम सोडले नाही. 1919 साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अर्धवट होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

माझे पती गेले त्यानंतर हे सगळे मला नव्याने कळले. होसूर रोडवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्यावरच्या शिळेवर नाव मराठीत हवे, असे मी ठरवले. कोरणारे आजोबा तमिळ, कन्नड, इंग्रजी अक्षरे सराईतपणे काढत. देवनागरी त्यांनी कधी कोरली नव्हती. मी ट्रेसिंग कागदावर मोठी अक्षरे काढून दिली. त्यांनी ती गेरूने दगडावर उतरवली आणि एकेका अक्षरावर बोट फिरवत मला उच्चार विचारले. आडनावातला ‘ळ’ आला तसे ते हसले. तो त्यांच्या दोन्ही भाषांत होता, फक्त वळण वेगळे. छिन्नीचे घाव पडत होते, दगडाची पांढरी भुकटी ते फुंकरीने उडवत होते आणि मी बाजूला बसून वेलांट्या तपासत होते. माणूस गेल्यापासून हाताला खरे काम मिळाले होते ते त्या दिवशी.

दरवर्षी 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, ती दफनभूमी गजबजते. लोक बादल्या घेऊन येतात, शिळा धुतात, शेवंती-झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. काही वर्षी हा दिवस दिवाळीच्या आगेमागेच येतो. कोणी रडते, कोणी लेकरांना पणजीचे नाव वाचून दाखवते. ख्रिस्ती माणसाची पुनरुत्थानावरची श्रद्धा समजून घ्यायची असेल, तर प्रवचनाआधी ही धुण्या-पुसण्याची लगबग पाहावी. जे कायमचे संपले त्यासाठी कोणी इतक्या निगुतीने राबत नाही.

पुनरुत्थित येशूही अशाच साध्या, जवळच्या कृतींतून भेटतो. योहान सांगतो, त्याच्या अंगावरचे व्रण गेलेले नाहीत. थोमाला तो तेच दाखवतो. रडणारी मग्दालीया मरीया त्याला माळी समजते, तर तो तिला फक्त नावाने हाक मारतो. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतलेल्या शिष्यांसाठी तो किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवतो. ज्यांनी त्याला वधस्तंभी दिले त्यांच्यापुढे जाऊन तो विजय मिरवत नाही. मला ज्या दिवसांत मोठे शब्द पेलत नव्हते, त्या दिवसांत व्रण, नाव आणि न्याहारी एवढे पुरले. दुःख पुसले गेले नाही, पण त्यात मी एकटी नाही, हे पटले.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा पुनरुत्थानाचा सर्वांत जुना सविस्तर लेखी विचार. बीज, देह, मृत्यूचा पराभव असे सगळे मांडून तो शेवटी सांगतो की प्रभूमध्ये केलेले तुमचे श्रम वाया जात नाहीत. आणि सोळावा अध्याय उघडताच विषय निघतो यरुशलेमेतल्या गरजूंसाठी गोळा करायच्या वर्गणीचा: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. तो पहिला दिवस म्हणजे रविवार, बायका कबरेकडे निघाल्या तोच वार. पुनरुत्थानाची आशा मला अशी समजली आहे. ती गेलेल्यांसाठीचे काम पुरे करायला बळ देते आणि मग उरलेल्यांसाठी हात मोकळे करते.